त्या पत्रावर तीन सेंटांचं तिकीट होतं

गेल्या वर्षी मी २,८०० डॉलर मोजून एका आयरिश सैनिकाचं पत्र आणि त्याचा फोटो विकत घेतला. अमेरिकन यादवी युद्धातलं, डिसेंबर १८६२ मधलं पत्र. ते साफ खोटं निघालं. पैसे बुडाले याचं दुःख आहेच, पण ज्यांच्यासाठी मी ते घेतलं त्यांच्या घरी, त्यांच्या माणसांसमोर ते वाचलं गेलं, डोळे पुसले गेले, आणि दोन आठवड्यांनी मलाच जाऊन सांगावं लागलं की यातलं काहीच खरं नाही. ते अजून मनातून जात नाही. इकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना जुनी नाणी, पत्रं, लष्करी वस्तू जमवायचा नाद लागला आहे. माझ्यासारखं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून काहीही न लपवता लिहितो.

मी मूळचा डोंबिवलीचा, बावीस वर्षं न्यू जर्सीत. नोकरी मॅनहॅटनमध्ये. आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ आयरिश सहकारी होते. मी नवा असताना हिशेबाच्या चुका कुणाला न कळू देता त्यांनी मला शिकवल्या होत्या. दर १७ मार्चला ते मला फिफ्थ अॅव्हेन्यूवर सेंट पॅट्रिकची मिरवणूक बघायला घेऊन जात. मिरवणुकीच्या अग्रभागी ६९वी न्यूयॉर्क पलटण असते. सैनिकांच्या टोपीत हिरवी डहाळी खोवलेली असते. पहिल्या वर्षी मला वाटलं, सणाची हौस असेल. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "ती फ्रेडरिक्सबर्गची डहाळी आहे."

तिथून मला या विषयाचं वेड लागलं. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं, दहा लाखांवर माणसं मेली आणि त्याहून जास्त जहाजांत बसून देश सोडून गेली. त्यातले लाखो न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फियाच्या गोद्यांवर आणि कालव्यांच्या कामावर लागले. १८६१ साली युद्ध पेटलं तेव्हा उत्तरेच्या फौजेत आयर्लंडमध्ये जन्मलेले सुमारे दीड लाख लोक लढले. दक्षिणेकडूनही आयरिश लढले. थॉमस फ्रान्सिस मार हा १८४८ च्या आयरिश उठावातला पुढारी. इंग्रजांनी त्याला टास्मानियात काळ्या पाण्यावर धाडलं, तिथून तो निसटून न्यूयॉर्कला आला आणि ६३वी, ६९वी, ८८वी न्यूयॉर्क या पलटणी घेऊन त्यानं आयरिश ब्रिगेड उभी केली. मॅसॅच्युसेट्सची २८वी आणि पेनसिल्व्हेनियाची ११६वी पुढे येऊन मिळाल्या. १३ डिसेंबर १८६२ रोजी व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला, मेरीज हाइट्स टेकडीखालच्या दगडी भिंतीवर ही ब्रिगेड उघड्या मैदानातून चालून गेली. सुमारे १,२०० जण होते. त्यातले ५४५ ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले.

हे युद्ध आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. दक्षिणेचा कापूस अडकला म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बेच्या कंपनीच्या शेअरवर सगळं शहर खुळावलं आणि १८६५ साली युद्ध संपताच घरंच्या घरं बसली. आमच्या आजोबांच्या तोंडी त्याच्या ऐकीव गोष्टी असायच्या.

असो. माझ्या सहकाऱ्यांच्या घराण्यात एक गोष्ट चालत आलेली होती. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांचा थोरला भाऊ आयरिश ब्रिगेडमध्ये होता आणि युद्धात गेला. त्याची एकही खूण घरात उरली नव्हती. ते जूनमध्ये निवृत्त होणार होते. माझ्या मनात आलं, त्या मुलाचं काहीतरी शोधून द्यावं. मागे राहिलेल्या माणसाची एक खूण म्हणजे काय, हे घर सोडून आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियात जुन्या लष्करी वस्तूंचं प्रदर्शन होतं. शे-दीडशे टेबलं, काचेच्या पेट्यांत बटणं, बकलं, गोळ्या, पत्रं. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक मी तिथंच केली. मी टेबलाटेबलाशी जाऊन सांगत सुटलो की मला अमुक आडनावाचा, अमुक नावाचा, ६९व्या न्यूयॉर्कमधला, कॉर्क परगण्यातल्या स्किबरीनचा मुलगा हवा आहे, बहुधा फ्रेडरिक्सबर्गला पडलेला. चिठ्ठ्यांवर हे सगळं लिहून फोन नंबरासकट दहा-बारा जणांना वाटलं. कुणासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय, तेही सांगितलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मी माझी गरज स्वतःच्या हातानं लिहून बाजारात वाटली.

तीन आठवड्यांनी फोन आला. माणूस बोलायला अतिशय सभ्य. एका जुन्या घराच्या माळ्यावरून निघालेल्या पेटीत एक पत्र, पाकीट आणि फोटो मिळालाय, नाव तुम्ही सांगितलं तेच आहे, म्हणाला. माझे हात थरथरले. आज विचार करतो तेव्हा कळतं की थरथरायच्या जागी थांबायला हवं होतं. मी मागितलं, आणि तंतोतंत तेच, तेच नाव, तेच गाव, तीच पलटण, तीन आठवड्यांत कुणाच्या तरी माळ्यावर सापडलं. जुन्या वस्तूंच्या बाजारात असं होत नाही. वस्तू आधी असते, गिऱ्हाईक नंतर येतं. गिऱ्हाइकाच्या मागून वस्तू आली तर ती बनवलेली असायची शक्यता फार मोठी.

आम्ही हायवेलगतच्या एका हॉटेलात भेटलो. त्यानं टेबल स्वतःच्या रुमालानं पुसलं, पांढरे सुती हातमोजे काढून एक जोड मला घालायला दिला, मग प्लॅस्टिकच्या पाकिटातून पत्र बाहेर काढलं. त्या हातमोज्यांनीच मी अर्धा हरलो. देवघरात गेल्यासारखं वाटलं मला. (पुढे कळलं की जुने कागद हाताळताना अभिलेखागारातली जाणती माणसं बहुतेकदा स्वच्छ धुतलेले कोरडे हातच पसंत करतात.) पत्र दोन पानी. वर लिहिलेलं, 'फाल्मथजवळची छावणी, व्हर्जिनिया, १२ डिसेंबर १८६२'. आईला लिहिलेलं. टोपीत हिरवी डहाळी खोवली आहे, डोक्यावर आपला हिरवा झेंडा फडफडतोय, उद्या काय होईल देव जाणे, धाकट्याला शाळेत घाल. सोबत पोस्टकार्डाहून लहान पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो. निळा डगला, हातात टोपी, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, थोडा घाबरलेला. मागे शाईनं नाव आणि पलटण. शिवाय त्या माणसानं स्वतःच्या सहीचा 'अस्सलपणाचा दाखला' जोडला होता. सोनेरी कडेचा. विकणाऱ्यानं स्वतःच दिलेल्या दाखल्याला काडीची किंमत नसते हे मला एरवी कुणीही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझा धंदाच हिशेब तपासायचा आहे.

साडेतीन हजारांवरून तो २,८०० वर आला. रविवारी गेटिसबर्गहून दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणाला. पैसे मात्र मित्राला किंवा नातेवाइकाला पाठवतात त्या प्रकारानं मोबाइलवरून पाठवा, म्हणजे मधली फी लागत नाही. फी वाचते हे खरं, पण खरेदीला मिळणारं संरक्षणही त्याबरोबर जातं. रात्री घरी फोन करून बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आधी कुणा जाणकाराला तरी दाखवा. सोनं घेतानासुद्धा आपण दोन सोनारांना विचारतो." मी म्हटलं, रविवारपर्यंत वेळ नाही. आणि पाठवले.

जूनच्या शेवटच्या शनिवारी त्यांच्या वुडसाइडच्या घरी निरोपाचं जेवण होतं. मी फ्रेम करून आणलेला फोटो आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. ते काही बोललेच नाहीत. त्यांच्या पत्नीनं पत्र मोठ्यानं वाचलं. 'धाकट्याला शाळेत घाल' या ओळीला त्यांनी चष्मा काढला, कारण तो धाकटा म्हणजे त्यांच्या पणजोबांचे वडील असं सगळ्यांनी धरलं. त्यांचा मेव्हणा कोपऱ्यात बसला होता. तीस वर्षं पोस्टात काढलेला, लहानपणापासून तिकिटं जमवणारा. त्यानं पाकीट हातात घेतलं, खिडकीशी नेलं, बराच वेळ बघितलं आणि गुपचूप परत ठेवलं.

सोमवारी त्याचा मला फोन. "तिथं बोललो नाही, बहिणीचा चेहरा बघवेना. पाकिटावर तीन सेंटांचं तिकीट आहे. तीन सेंटांत पत्र अमेरिकेतल्या अमेरिकेत जायचं. आयर्लंडला अर्ध्या औंसाला चोवीस सेंट पडायचे."

मला उभ्या जागी घाम फुटला. साध्या शिपायाला महिन्याला तेरा डॉलर मिळायचे, म्हणजे दिवसाला त्रेचाळीस सेंट. घरी एक पत्र टाकायचं तर अर्ध्याहून जास्त रोजंदारी जायची. ज्यानं ते पाकीट बनवलं त्याला हे ठाऊक नव्हतं, आणि मी इतकी वर्षं वाचत असून मलाही सुचलं नव्हतं.

मग आम्ही दोघं त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. बँकेत खोट्या नोटा बघायला वापरतात तसला जांभळ्या उजेडाचा दिवा त्याच्याकडे होता. दिवा लावला आणि पत्राचा कागद निळसर पांढरा चमकला, नव्या धुतलेल्या सदऱ्यासारखा. कागद असा चमकवणारी रसायनं गेल्या शतकाच्या मध्यापासूनची. दीडशे वर्षांपूर्वीचा चिंध्यांपासून बनवलेला कागद असा चमकत नाही. मग त्यानं भिंग दिलं आणि घडी बघायला सांगितली. पत्र आधी लिहितात, मग दुमडतात. घडीवर कागद झिजतो तेव्हा अक्षर तुटतं. इथं शाई घडीच्या उसवलेल्या धाग्यांत शिरून फुगली होती. म्हणजे घडी जुनी, अक्षर नंतरचं. कडांचा तपकिरी रंग चारी बाजूंनी सारखा होता. नाकाशी धरला तर उकळलेल्या चहाच्या चोथ्याचा वास. हाच वास मी हॉटेलात घेतला होता आणि जुन्या कागदाचा म्हणून मला भरून आलं होतं.

मजकूर पुन्हा वाचला तर माझी मलाच लाज वाटली. ते मला कळायलाच हवं होतं. न्यूयॉर्कच्या तीन पलटणींचे हिरवे झेंडे लढायांत फाटून चिंध्या झाले होते आणि बदलून आणायला परत पाठवले होते. फ्रेडरिक्सबर्गला ब्रिगेडमध्ये हिरवा झेंडा होता तो फक्त २८व्या मॅसॅच्युसेट्सकडे. झेंडे नव्हते म्हणून तर प्रत्येकाच्या टोपीत बॉक्सवुडच्या झुडपाची डहाळी खोवली गेली, आणि तीसुद्धा १३ तारखेच्या सकाळी. १२ तारखेच्या पत्रात डहाळीही आहे आणि ६९व्या पलटणीच्या डोक्यावर झेंडाही आहे. लिहिणाऱ्यानं दोन प्रसिद्ध गोष्टी उचलल्या आणि एकीमुळे दुसरी झाली हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

फोटोचं प्रकरण आणखी वाईट. फ्रेममधून काढून मागची बाजू बघितली तर नावाच्या खाली एक लहान महसुली तिकीट चिकटवलेलं. युद्धाचा खर्च भागवायला सरकारनं फोटोंवर कर बसवला होता, तो सप्टेंबर १८६४ पासून ऑगस्ट १८६६ पर्यंत. म्हणजे हा पुठ्ठा १८६४ च्या आधी विकलेला असूच शकत नाही, आणि आमचा मुलगा तर १८६२ मध्ये पडला म्हणे. फोटो अस्सल होता. तो पोरगा खराच कुणीतरी होता. नाव नसलेले असे फोटो स्वस्तात मिळतात. मागे नाव आणि गाजलेली पलटण लिहिली की किंमत दसपट होते. फोटोच्या मागचं नाव फोटोच्याच काळातलं आहे का, हे आधी बघा. नावाची शाई फोटोग्राफरच्या छापील नावापेक्षा ताजी वाटत असेल, तर हात आखडता घ्या.

मग जे काम एप्रिलमध्ये करायचं ते मी जुलैत केलं. नॅशनल पार्क सर्व्हिसची सैनिकांच्या नावांची यादी कुणालाही फुकट बघता येते. त्या नावाचे अनेक जण न्यूयॉर्कच्या पलटणींत निघाले. आयरिश नावांचं तसंच आहे, आपल्याकडे एखाद्या तालुक्यात सुरेश पाटील शोधावा तसं. एका नावावर माणूस पक्का होत नाही. वय, गाव, भरतीची तारीख हे सगळं जुळावं लागतं. त्यासाठी वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधून नोकरीचे कागद आणि पेन्शनची फाइल मागवली. १४ जुलै १८६२ च्या कायद्यानं मेलेल्या शिपायाच्या विधवेला, किंवा त्याच्यावरच अवलंबून असलेल्या आईला, महिन्याला आठ डॉलर मिळत. मुलगाच पोसत होता हे सिद्ध करायला कित्येक आयांनी त्याची मूळ पत्रं अर्जाला जोडली. ती आजही त्या फाइलींत आहेत. सैनिकांची अस्सल पत्रं बघायची असतील तर ती तिथं आहेत, हायवेवरच्या हॉटेलात नाहीत.

कागद यायला काही आठवडे गेले. त्या दिवसांत मी जे वाचलं ते आधी कधी नीट वाचलंच नव्हतं. मी लढाया वाचायचो, भरती कशी झाली ते नाही. १८६३ साली सक्तीच्या भरतीचा कायदा आला. ३०० डॉलर भरले की सुटका. ज्याच्याकडे ३०० डॉलर नाहीत तो गेला, आणि त्या जुलैत न्यूयॉर्क चार दिवस दंगलीत जळलं. त्यात गोऱ्या गरिबांनी, आयरिशांनीसुद्धा, काळ्या माणसांना मारलं, अनाथाश्रम जाळला. तो डाग पुसत नाही. मग स्वखुशीनं येणाऱ्यांसाठी बक्षिसाची रक्कम वाढत गेली. केंद्र, राज्य, शहर मिळून न्यूयॉर्कमध्ये सहाशे डॉलरच्या वर. शिपायाचा चार वर्षांचा पगार. एवढा पैसा आला की दलाल येणारच. कॅसल गार्डनला, म्हणजे न्यूयॉर्कच्या परदेशातून येणाऱ्यांच्या धक्क्यावर, जहाजातून उतरलेल्या, शहर न पाहिलेल्या पोरांना ते गाठायचे. तुमच्याच गावचा आहे म्हणायचे, जेवू घालायचे, दारू पाजायचे, कागदावर सही किंवा फुली घ्यायचे आणि बक्षिसाचा मोठा वाटा स्वतःच्या खिशात घालायचे. १८६४ मध्ये तर आयर्लंडमधून शंभरावर माणसं रेल्वेच्या कामाला म्हणून पोर्टलंडमार्गे बोस्टनला आणली गेली. उतरल्यावर काम नाही, खायला नाही, आणि समोर भरतीवाले उभे. त्यातले बरेच २८व्या मॅसॅच्युसेट्समध्ये गेले. काहींवर दोन महिन्यांच्या आतच पहिली लढाई ओढवली.

उपाशी माणसाला काय हवंय हे आधी काढून घ्यायचं आणि मग तेच त्याच्या समोर धरायचं, ही रीत मला आता ओळखीची वाटली. मी उपाशी नव्हतो, माझं काही पोट तुटलं नाही, म्हणून बरोबरी करत नाही. पण ती पानं वाचताना हॉटेलातले ते पांढरे हातमोजे डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

सप्टेंबरमध्ये पाकीट आलं. वय जुळलं, कॉर्क जुळलं, भावाचं नाव जुळलं. तो ६९व्या न्यूयॉर्कमध्येच होता, पण भरती झाला फेब्रुवारी १८६४ मध्ये. फ्रेडरिक्सबर्गनंतर चौदा महिन्यांनी. मे महिन्यात स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईत जखमी झाला आणि इस्पितळात वारला. वय एकोणीस. भरतीच्या कागदावर सहीच्या जागी एक फुली, आणि बाजूला कारकुनाच्या हस्ताक्षरात, 'याची खूण'. त्याला लिहिता येत नव्हतं. आईच्या अर्जावरही तशीच फुली, थोडी तिरकी, शेवटी शाईचा ठिपका पडलेली.

विकणाऱ्याचा फोन जुलैपासूनच बंद. पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी नोंद घेतली. बँकेनं सांगितलं, पैसे तुम्हीच स्वतःहून पाठवलेत, त्यामुळे परत मिळणार नाहीत. प्रदर्शनाच्या आयोजकांना पत्र लिहून ठेवलंय. त्या माणसाचं तिथं टेबलच नव्हतं, तो नुसता फिरत होता आणि माझी एक चिठ्ठी त्याच्या हाती लागली होती. परतीची मुदत लेखी मागणं, तिसऱ्या माणसाकडून तपासून घेणं, खरेदी म्हणूनच पैसे देणं, यातल्या एका गोष्टीलाही तो कबूल झाला नसता. तो नाही म्हणाला असता आणि मी वाचलो असतो.

फ्रेडरिक्सबर्गचं खोटं मी त्यांना जुलैतच सांगून आलो होतो. ते तेव्हा फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनचे कागद घेऊन पुन्हा वुडसाइडला गेलो. त्यांनी ती फुली बोटानं गिरवली, दोनदा. पत्र मी परत मागितलं आणि त्यांच्यासमोरच दोन्ही पानांवर मोठ्या अक्षरांत 'नकली' लिहिलं, म्हणजे ते आणखी कुणाला विकलं जाऊ नये. फोटोही उचलायला गेलो तर म्हणाले, "तो राहू दे. त्यानं काही केलेलं नाही. त्यालाही कुणी शोधत असेल." मग पेन्सिल घेतली, फोटो उलटा केला आणि त्या शाईतल्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'हे नाव याचं नाही.'